शेवटच्या नळाला आलंय

मी भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवत होतो. माय दारात येऊन उभी राहिली आणि तिनं नाकाला पदर लावला.

“कसला वास यायलाय रे हा?”

“कसला नाही. ट्रे आहेत नुसते.”

“कोंबडीची घाण आहे त्याला. हे बघ, पीस पण चिकटलंय.”

चिकटलं होतंच. चौकातल्या अंडीवाल्याकडून मी शंभरेक रिकामे ट्रे उचलून आणले होते. ट्रे लावले की खोलीत आवाज घुमत नाही, असं कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं होतं. घुमतोच, हे मला पुढं कळलं. तोवर आमच्या मागच्या खोलीला खुराड्याचा वास लागला होता आणि तो काही केल्या गेला नाही. आजही ती खोली आठवली की आधी तो वास येतो, मग बाकीचं आठवतं. बाकीचं त्याहून घाण आहे.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो आणि मला स्वतःच्या आवाजाचं भयंकर कौतुक होतं. गॅदरिंग असो, लग्न असो, गणपती असो, निवेदनाला मी पुढं. मोठ्या शहरातल्या रेडिओवाल्यांनी मला दारातूनच परत पाठवलं होतं. म्हणून ठरवलं, आपलं आपणच काढायचं. जुना लॅपटॉप, एक माईक, छोटा मिक्सर, फुकटचं सॉफ्टवेअर आणि भाड्यानं घेतलेला सर्व्हर. मी मागच्या खोलीत बोलायचो आणि ज्याच्याकडं लिंक असेल त्याच्या फोनवर ते ऐकू जायचं. नाव ठेवलं ‘रेडिओ चावडी’. आत्ता किती लोक ऐकतायत, तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसायचा. पहिले दोन महिने तो नऊच्या वर गेला नाही. त्या नवात एक मी होतो, एक माझी आत्येबहीण, आणि एक क्लासमधला विद्यार्थी, ज्याला पास व्हायचं होतं.

“नमस्कार मंडळी, मी तुमचा लाडका विश्वंभर,” अशी माझी सुरुवात असायची. कुणाचा लाडका? कुणी विचारलं होतं? आता ते रेकॉर्डिंग लागलं तर मी कानात बोटं घालीन.

आकडा वाढला तो नानांमुळं. नाना म्हणजे माझे वडील, एकनाथ डोईफोडे. एसटीत एकतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची वीस आमच्याच स्टँडवर कंट्रोलर म्हणून. अख्खा तालुका त्यांना कंट्रोलर काका म्हणायचा. कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माईकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. आवाज जाडाभरडा, घसा खरवडल्यासारखा, आणि वाक्यात एक शब्द जास्तीचा नाही. गाडी फलाटाला लागलेली डोळ्यांनी दिसल्याशिवाय ते माईक उचलत नसत. गाडी फाट्यावर आलीय असा फोन आला तरी नाही. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, “माझ्या बोलण्यावर लोक पोरं काखेत मारून पळतात रे.”

आमच्या गावात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं, उन्हाळ्यात पंधरवड्यानं. कोणत्या वॉर्डाला कधी सुटणार हे एकट्या वॉलमनला ठाऊक. बाया कामावर खाडा करून दिवसभर नळाशी बसून राहायच्या. वॉलमन रज्जाकभाई नानांच्या ओळखीतले, त्यांचा भाऊ एसटीत ड्रायव्हर होता. एक दिवस नाना मागच्या खोलीत आले, ट्रे बघून त्यांनी नाक मुरडलं आणि विचारलं, “हे तुझं सगळ्यांच्या फोनवर ऐकू येतं का?”

“लिंक असली तर येतं.”

“मग पाण्याचं सांगत जाऊ का मी?”

म्हाताऱ्याचा वेळ जाईल, असा विचार करून मी उदार मनानं हो म्हणालो.

त्यांची पद्धत ठरलेली. रज्जाकभाईंचा फोन आला की स्कूटर काढायची आणि त्या वॉर्डाच्या शेवटच्या नळापर्यंत जायचं, कारण पहिल्या नळाला पाणी आलं म्हणजे शेवटच्याला येतंच असं नाही. तिथं धार बघायची, परत यायचं आणि माईकसमोर बसायचं. “आज गुरुवार. सात नंबर, टेकडी. पाणी सुटलंय. शेवटच्या नळाला आलंय.” मग एक खोकला. संपलं.

“फोनवरून मला कळवा, मी सांगतो की,” मी एकदा म्हणालो.

“बघणार मी आणि सांगणार तू? नाही.”

नवाचे साठ झाले, साठाचे दोनशे. एप्रिलात आकडा सहाशेच्या पुढं गेला. डाळ मिलमध्ये निवडायला बसणाऱ्या बाया पोत्यावर फोन उभा करून ऐकायच्या. त्यातली टेकडीवरची कोंडाबाई खंदारे एकदा घरी शेवया घेऊन आली.

“काका, तुमच्यामुळं आमचे खाडे वाचायलेत. आता तुम्ही बोलल्याबिगर मी मिलमधून उठतच नाही,” ती नानांना म्हणाली. मग माझ्याकडं बघून विचारलं, “हा कोण?”

“माझा मुलगा. रेडिओ त्याचाच आहे.”

“असं व्हय,” ती म्हणाली आणि परत नानांशी बोलायला लागली.

मला ते झोंबलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच झोंबलं.

मे महिन्यात एका शुक्रवारी कैलासभाऊ मोगरकर आमच्याकडं आले. ते नगरसेवक आणि पाणीपुरवठ्याचे सभापती. बसण्याआधी त्यांनी आमच्या मोरीत गुटख्याची पिचकारी मारली. तिथं मायनं घासून ठेवलेली ताटं होती. वरच्या ताटावर लाल शिंतोडे उडालेले मायनं बघितले, मीही बघितले. आणि मी काय केलं? माझ्या टॉवेलनं खुर्ची पुसून त्यांना दिली.

“सोमवारी साहेब येणार आहेत,” कैलासभाऊ म्हणाले. “नव्या टाकीचं भूमिपूजन. आणि त्याच स्टेजवर, विश्वासराव, गावातल्या पहिल्या रेडिओचं उद्घाटन. साहेबांच्या हातानं. नगरपालिकेच्या गाळ्यात स्टुडिओ देतो तुम्हाला. हे कोंबड्यांचं खुराडं किती दिवस?”

“विश्वंभर,” मी म्हणालो.

“तेच हो.”

मी हरभऱ्याच्या झाडावर कधी चढलो ते मलाही कळलं नाही. साहेब, स्टेज, काचेचा स्टुडिओ, सगळं दिसायला लागलं. मग कैलासभाऊ नानांकडं वळले.

“काका, एक छोटं काम होतं. टेकडीवरच्या बाया सोमवारी हंडा मोर्चा काढायलेत.”

“पंधरा दिवस झाले त्यांना पाणी नाही,” नाना म्हणाले.

“मोटर जळालीय हो, काय करता. सोमवारी सकाळी तुम्ही नुसतं सांगा, टेकडीला पाणी सुटलंय. बाया नळाशी बसतील. साहेब दुपारी जातील. बुधवारी-गुरुवारी मोटर बसली की सोडूच की पाणी. खोटं कुठंय त्यात? जरा आधी सांगायचं, इतकंच.”

“मोटर जळालीय, हे सांगू का?”

कैलासभाऊ हसले. “ते कशाला सांगता, काका?”

“मग मला सांगायला काही नाही,” नाना उठले. “चहा घेऊन जा.”

ते बाहेर गेल्यावर कैलासभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अत्तर आणि गुटखा यांचा मिळून जो एक वास येतो, तो माझ्या नाकात शिरला.

“म्हाताऱ्या माणसांना जमाना कळत नाही,” ते म्हणाले. “काकांचा आवाज तर तुमच्या डब्यात आहेच की सगळा.” आणि त्यांनी लॅपटॉपवर टिचकी मारली.

मी तेव्हाच त्यांना घराबाहेर काढायला हवं होतं. मी फाटकापर्यंत सोडायला गेलो.

माझ्या आवाजात सांगितलं असतं तर टेकडीवरची एक बाई घरी बसली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. रविवारी दुपारी नाना पुढच्या खोलीत झोपले होते. मी मागच्या खोलीला आतून कडी लावली आणि टेकडीला शेवटचं पाणी आलं होतं त्या दिवसाचं, सतरा दिवसांपूर्वीचं गुरुवारचं रेकॉर्डिंग काढलं. त्यातला ‘गुरुवार’ कापला आणि दुसऱ्या एका दिवसाचा ‘सोमवार’ तिथं बसवला. दोन शब्दांमधला श्वास जुळेना, तर तो तिसऱ्या ठिकाणाहून आणला. तासभर लागला. आणि लाज राहिली बाजूला, मला मजा आली. सांधा कुठं कळत नाही म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. शेवटचा खोकला काढावा का, असं मनात आलं. मग ठेवला. खोकल्यामुळं ते खरं वाटत होतं.

निघताना खोलीला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

सोमवारी साडेनऊला मी नवं जाकीट घालून बटण दाबलं. आकडा आठशे बारा होता. इतका कधीच झाला नव्हता. “आज सोमवार. सात नंबर, टेकडी. पाणी सुटलंय. शेवटच्या नळाला आलंय.” खोकला.

स्वयंपाकघरातून माय फोन हातात घेऊनच आली.

“हे तर आठ वाजताच टेकडीवर गेलेत. मग हे बोललं कोण?”

“टेकडीवर? कशाला?”

“काल पंपावर जाऊन जळकी मोटर बघून आले. तुझ्या खोलीला कुलूप, मग माईकवर कसं सांगणार? बायांना तोंडानं सांगून येतो म्हणाले.” ती माझ्याकडं बघत राहिली. “काय केलंस रे तू?”

माईक माझ्यासमोर होता. बटण दाबलं की चालू होणार होता. आठशे बारा लोक ऐकत होते. एक वाक्य बोलायचं होतं, चूक झाली, पाणी नाही. मी घड्याळ बघितलं, केस नीट केले आणि कार्यक्रमाला गेलो.

टेकडीवर काय झालं ते मी पुढं चार जणांकडून ऐकलं, आणि सगळ्यांचं सांगणं एकच होतं. मारुतीच्या पारासमोर तीनेकशे बाया हंडे घेऊन जमल्या होत्या. नाना कोंडाबाईला मोटर जळाल्याचं सांगत होते, तेवढ्यात एका दारातून त्यांचाच आवाज आला, पाणी सुटलंय. इंटरनेट रेडिओ सगळ्या फोनवर एकाच वेळी वाजत नाही, कुठं चार सेकंद पुढं, कुठं दहा मागं. त्यामुळं पाणी सुटलंय, पाणी सुटलंय, असं गल्लीतल्या एकेका दारातून निघत गेलं. बाया हंडे उचलून घराकडं पळाल्या. नाना शेवटच्या नळाशेजारीच उभे होते, आणि नळ कोरडा ठाक होता.

“काका, तुम्ही तर इथं उभे. मग हे कधी बोललात?” कोंडाबाईनं विचारलं.

नानांनी म्हणे कोरडा नळ एकदा फिरवून बघितला. मग म्हणाले, “काल बोलून ठेवलं होतं. पाणी येईल असं वाटलं. माझी चूक झाली, बाई.”

त्यानंतर ते घरोघर फिरले. पाणी नाही, मोटर जळालीय, उठा, मोर्चाला चला. नळाशी बसलेल्या बाया उठायला तयार नव्हत्या. “तुम्हीच तर सांगितलं आत्ता,” असं त्या त्यांनाच म्हणायच्या आणि फोन दाखवायच्या. समोर उभा असलेला माणूस खोटा पडला आणि फोनमधला खरा ठरला. मिलचा खाडा करून त्या दिवस मावळेपर्यंत कोरड्या नळांशी बसून राहिल्या.

मोर्चाला उरल्या पंचवीस-तीस जणी. मला त्या स्टेजवरून दिसल्या. पोलिसांनी त्यांना कोपऱ्यावरच अडवलं होतं. सगळ्यांच्या मागं नाना, कुणा म्हातारीचा रिकामा हंडा त्यांच्या हातात. कैलासभाऊ माझ्या कानाशी लागून म्हणाले, “काय आवाज लागलाय म्हाताऱ्याचा!” आणि खिदळले. साहेबांनी लॅपटॉपचं बटण दाबलं. मी टाळ्या मागितल्या, टाळ्या आल्या. मग मी साहेबांच्या दूरदृष्टीवर पाच मिनिटं बोललो. बोलताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही. त्या पाच मिनिटांची मला आज जेवढी किळस येते, तेवढी कैलासभाऊंच्या पिचकारीचीही येत नाही.

नाना दुपारी घरी आले. ओलं फडकं घेऊन त्यांनी पाय पुसले. बराच वेळ पुसत होते.

“खोकला कशाला ठेवलास?” त्यांनी विचारलं.

मी जाकीट काढून खुंटीला अडकवलं.

“त्यांना मी सांगितलंय, चूक माझी म्हणून.”

“तुम्ही कशाला अंगावर घेतलं, नाना? माझं नाव सांगायचं.”

“मी कसं सांगणार? तू करताना मी बघितलं नव्हतं.” त्यांनी फडकं पिळून दोरीवर टाकलं. “तू केलंस, तू सांग. माईक तुझ्याकडंच आहे.”

ते चिडले असते, एखादी थोबाडीत दिली असती, तर मी कदाचित सांगूनही टाकलं असतं. ते जेवायला बसले.

मी ठरवलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी ठरवलं, लोक जरा शांत होऊ देत. टेकडीला पाणी आलं ते सत्ताविसाव्या दिवशी, आणि ते सांगायला नाना मागच्या खोलीत आले नाहीत. परत कधीच आले नाहीत. आकडा आठशे बारावरून नव्वदवर आला, मग चौदावर. बाया पहिल्यासारख्या खाडे करून नळाशी बसायला लागल्या. नगरपालिकेच्या गाळ्यात मोबाईलचं दुकान निघालं आणि कैलासभाऊ माझा फोन उचलेनासे झाले, त्यात नवल काहीच नव्हतं.

जूनमध्ये आकडा एकवर आला. रोज सकाळी दहाला एक. मला वाटलं आत्येबहीण असेल. एके दिवशी गाणं लावून मी माईक बंद केला, तर तेच गाणं भिंतीपलीकडून ऐकू आलं, अर्ध्या मिनिटानं मागं पडलेलं. मी दार किलकिलं करून बघितलं. नाना पुढच्या खोलीत ताठ बसले होते, फोन मांडीवर, चष्मा लावलेला. त्यांना गाण्यांची आवड कधीच नव्हती. मी सांगायची वाट बघत होते ते.

मी गाणी लावत राहिलो. महिनाभर रोज दहाला तो एक आकडा दिसायचा, आणि मी गाण्यामागून गाणं लावायचो. मग मला ते सहन होईना, म्हणून मी रेडिओच बंद करून टाकला. सांगितलं की सर्व्हर महाग पडतो. नाना “बरं” म्हणाले.

त्यानंतर ते चार वर्षं जगले. त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

त्यांच्या शोकसभेला स्टँडजवळच्या हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. ड्रायव्हर आले, कंडक्टर आले, रज्जाकभाई आले, टेकडीवरच्या बाया आल्या. कोंडाबाई बोलायला उठली. तिला माईक धरता येत नव्हता, तिनं तो बाजूला ठेवला आणि तशीच बोलली.

“काकांनी इतके दिवस पाण्याचं सांगितलं, एकदाच चुकले. एकदाच. पण चुकले तर लपले नाहीत. दारोदार फिरून, हात जोडून सांगितलं, बायांनो, माझी चूक आहे. आमच्यातल्या काही जणी त्या दिवशी त्यांना वाईट बोलल्या. मी पण बोलले.” ती पदरानं डोळे पुसत खाली बसली. “आता माफी मागावी तर माणूस राहिला नाही.”

माय माझ्या शेजारी बसली होती. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

“विश्वंभर, तू दोन शब्द बोल,” कुणीतरी म्हणालं आणि माईक माझ्या हातात दिला.

मी उभा राहिलो. नानांची शिस्त, त्यांचा साधेपणा, त्यांची एकतीस वर्षांची नोकरी, सगळं बोललो. वीस मिनिटं बोललो. माणसं रडली. मध्येच माय उठून बाहेर निघून गेली, तिला भरून आलं असेल असं लोकांना वाटलं. तो सोमवार सोडून मी सगळं सांगितलं. खाली बसलो तेव्हा कोंडाबाईनं पुढं येऊन माझे दोन्ही हात धरले.

“अगदी काकांचा आवाज आहे रे तुझा,” ती म्हणाली.